टेबलाच्या उशाशी

"मसाज. पाठ, मान, खांदे. वेळ ठरवून यावे." अशी पाटी चष्म्याच्या दुकानाशेजारच्या जिन्यावर बावीस वर्षं होती. रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून 'खांदे' हा शब्द त्याने शेवटी बारीक करून कोंबला होता. गंमत अशी, की जिना चढणाऱ्या दहा जणांतल्या आठांचं दुखणं खांद्याचंच असायचं.

वर खोली एकच. मधोमध टेबल, एका बाजूला टॉवेलांचं कपाट टेबलाला इतकं खेटून की मध्ये उभं राहायला माणूस कागदाचा हवा. दुसऱ्या बाजूला ऐसपैस जागा. मग पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे दोन खुर्च्या, फोन आणि मावशी. पडद्याआड बोललेलं मावशीला ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी मानायचं अशी रीत होती.

ही खोली चालवणारी आई गेली त्याला दोन महिने झाले होते. लेकीने खोली पुन्हा उघडली त्याला सहा आठवडे. लेक काही या कामात नवखी नव्हती. एका मोठ्या मसाज केंद्रात तिने नऊ वर्षं काढली होती. तिथे प्रत्येक खोलीत झऱ्याच्या पाण्याचा आवाज लावलेला असे. आई एकदाच तिथे आली होती आणि दारातूनच म्हणाली होती, "अगं, नळ चालू राहिलाय बघ कुठला तरी."

केंद्राने तिची जागा या शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत 'येते' किंवा 'येत नाही' एवढंच कळवायचं होतं. येते म्हटलं, तर ही खोली बंद. आणि सोमवारी सकाळी ड्रायव्हरसाहेब टेबलावरून उठले, तेव्हा तिच्या मनात 'येते' जवळजवळ पक्कं झालं होतं.

ड्रायव्हरसाहेब बस चालवत. ते नेहमीप्रमाणे "वा! मोकळं मोकळं वाटलं अगदी," असं म्हणाले, मावशीला एक विनोद सांगितला, जिना उतरले. तिने खिडकीतून खाली पाहिलं. कोपऱ्यावर पोचताच ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि चोरी करावी तसा डावा हात गोल गोल फिरवून, खांदा धरून, कळवळून घेतलं. मग पुढे गेले.

हे पहिलंच नव्हतं. व्हायोलिनचे सर जाताना "उत्तम, उत्तम" म्हणत आणि मान न वळवता, अख्खे वळून दार लावत. बेकरीवाल्या काकांच्या अंगाला आताशा मलमाचा वास यायचा. सगळे येत होते, एकही वार चुकवत नव्हते, आणि कुणालाही काडीचा गुण येत नव्हता. येणं बंद केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. हे लोक आईसाठी येत होते. दर आठवड्याला समाचाराला यावं तसे.

"मावशी, मी शुक्रवारी केंद्राला हो म्हणणार आहे," ती पडदा सारून म्हणाली.

मावशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. "का? लोक तर खूश आहेत."

"खूश नाहीत. सोसतायत मला."

"तुझ्या आईला पहिली दोन वर्षं तर कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. तू सहा आठवड्यांत दमलीस?"

"दमले नाही गं. मी सगळं आईसारखंच करते. अगदी कार्डाप्रमाणे. तरी होत नाही. म्हणजे माझ्याच हातात काही नाही, असंच ना?"

यावर मावशीने चक्क विषय बदलला, आणि मावशी विषय बदलते तेव्हा ती काहीतरी लपवत असते, हे लेकीच्या त्या दिवशी लक्षात आलं नाही.

कार्डं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात होती. आई माणसाचं नाव लिहीत नसे. धंदा लिही आणि दुखणं लिही. "बेकरी. डावा खांदा, हाडाच्या आत दोन बोटं, गाठ. घाई नको. बोलू द्यावं." "बस. उजवा खांदा. विनोद सांगेल, हसावं." "व्हायोलिन. मान, उजवी बाजू. बोलू नये, त्याच्या डोक्यात काहीतरी चालू असतं." इस्पितळात शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली होती, "कार्डं आहेत. काळजी करू नकोस." एवढंच. पुढे ती टॉवेल कुठल्या साबणात धुवायचे यावर बोलली.

म्हणून लेक कार्डाबाहेर एक बोटही जात नव्हती. खरं सांगायचं तर तिच्या हातांना मधूनच वेगळं काही लागायचं. बेकरीवाल्या काकांच्या उजव्या खांद्यावरून हात सहज गेला तरी तिथे सुपारीएवढं काहीतरी टणक बोटाखाली यायचं. पण कार्डात लिहिलं होतं डावा. बावीस वर्षं ज्या हातांनी या पाठी सांभाळल्या त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्याच्या कपाटाचं दार चुकून उघडलं की आपण जसं पटकन लावून घेतो, तसा ती हात काढून घ्यायची आणि मुकाट्याने डाव्या खांद्याकडे वळायची. व्हायोलिन तर डाव्या खांद्यावर धरतात, हेही तिला ठाऊक होतं. तिने स्वतःची समजूत घातली होती: गज उजव्या हातात असतो, आईने काहीतरी पाहिलं असेल.

आणखी एक गोष्ट ती पाळत होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. टेबलाच्या उशाशी, जमिनीवरच्या लिनोलियमवर दोन जागा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या, पावलांच्या आकाराच्या, थोड्या फाकलेल्या. आई तिथे उभी राहायची. उंच बाई, उशाशी उभी राहून वाकली की हात पार कमरेपर्यंत पोचायचे. लेक टेबलाच्या मोकळ्या बाजूला उभी राहून काम करी, केंद्रात शिकवतात तसं. झाडतानासुद्धा ती त्या दोन पांढऱ्या जागांच्या कडेकडेने झाडायची.

गुरुवारी सकाळी दहाला बेकरीवाले काका आले. ते टेबलावर पालथे पडले की आधी टेबल कण्हायचं, मग काका, आणि मग दोघेही गप्प व्हायचे. तोंड ठेवायला टेबलाला गोल भोक होतं, त्यामुळे पालथ्या माणसाचं सगळं बोलणं जमिनीशी व्हायचं.

"कसे आहात, काका?"

"फस्क्लास," काका जमिनीला म्हणाले. "काल शंभर पाव जास्तीचे केले. खांदा जरा... म्हणजे खांद्याचं काही नाही. फस्क्लास."

तिने तेलाची बाटली उचलली. हात आधीच तेलकट होता. बाटली सटकली, टेबलाच्या कडेवर आपटली, आणि टेबलाच्या मोकळ्या बाजूची सगळी जमीन क्षणात तेलाने चकचकीत झाली.

"काय पडलं?" भोकातून आवाज आला.

"काही नाही, तेल."

"मी उठू?"

"मुळीच उठू नका! पाय टेकलात तर थेट चष्म्याच्या दुकानात जाल."

"मावशी!" तिने हाक मारली. मावशीने पडद्यातून डोकं घातलं, तेल पाहिलं, "आई गं!" म्हणाली आणि लाकडाचा भुसा आणायला खाली सुताराकडे पळाली.

काका उघड्या पाठीने गारठत होते. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला कपाट. पायथ्याशी उभं राहून काकांच्या खांद्यापर्यंत पोचायचं, तर काकांवर चढावं लागलं असतं. उरली फक्त एकच जागा.

ती थोडा वेळ त्या दोन पांढऱ्या ठशांकडे बघत राहिली. मग चपला काढल्या आणि त्यांच्यावर पाय ठेवले. लिनोलियम तिथे गुळगुळीत होतं, आणि का कोण जाणे, तिला वाटलं होतं तितकं गार नव्हतं.

'डावा खांदा, हाडाच्या आत दोन बोटं,' तिने मनात म्हटलं. सहा आठवडे म्हणत होती तसंच. आणि डावा हात खाली ठेवला. अंगठा हाडाच्या काठाशी गेला, दोन बोटं आत सरकला, आणि थांबला. सुपारी तिथेच होती. अंगठ्याच्या बरोब्बर खाली.

ती आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिली. हात डावा होता. खांदा उजवा होता.

काकांच्या डोक्याशी, त्यांच्या पायांकडे तोंड करून उभं राहिलं, की काकांचं उजवं तिच्या डाव्या हाताला येत होतं. केंद्रात पहिल्याच दिवशी घोकून घेतात: डावं-उजवं नेहमी झोपलेल्याचं. आई कुठल्या केंद्रात शिकली नव्हती. आईचं डावं म्हणजे आईचा डावा हात. ती सगळी कार्डं या दोन ठशांवर उभं राहून लिहिलेली होती.

तिने अंगठ्यावर भार दिला.

"आई आई आई आई!" काका ओरडले. मग टेबल कण्हलं. मग भोकातून एक लांब, तृप्त श्वास आला. "सापडली!"

"काय सापडलं?"

"गाठ हो! सहा आठवडे वाट बघतोय आम्ही!"

तिचा हात थांबला. "आम्ही म्हणजे?"

एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्याने स्वतःला चादरीखाली लहान करायचा प्रयत्न केला.

"काका."

"म्हणजे... मी, ड्रायव्हरसाहेब, व्हायोलिनचे सर. सगळे माझ्याकडेच पाव घ्यायला येतात ना. गोष्टी निघतात. आम्ही ठरवलं, पोरीला काही बोलायचं नाही. नुकती आई गेलीय. शिकेल हळूहळू."

"मी नऊ वर्षं हेच काम करतेय, काका!"

"ते मावशींनी सांगितलं. म्हणाल्या, ही नवी पद्धत आहे. दुखतं तिथे हातच लावायचा नाही, दुसऱ्या बाजूने दुखणं ओढून काढायचं. मोठ्या केंद्रात असंच असतं म्हणे."

जिन्यावर पावलं वाजली. मावशी भुशाची पिशवी घेऊन आत आली, आणि तिची भाची आईच्या जागेवर उभी असलेली पाहून जागच्या जागी थबकली.

"मावशी, तू लोकांना काय सांगितलंस?"

"काय सांगणार होते?" मावशीने भुसा ओतायला सुरुवात केली, म्हणजे वर बघायला नको. "लोक विचारायला लागले, बाईंची मुलगी भलतीकडेच का रगडते? मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, असेल काहीतरी. मग मी जरा नीट बसवून सांगितलं."

"मला विचारायचं नाहीस?"

"तुझं तोंड बघवत होतं का तेव्हा?" मावशी पटकन म्हणाली. आणि मग जास्तच जोराने भुसा पसरवू लागली.

लेकीला आधी काय होतंय ते कळलं नाही. तिला वाटलं आता रडू फुटणार, दोन महिने राखलेलं, तेही गिऱ्हाइकाच्या पाठीवर. पण फुटलं ते हसू. तिने काकांच्या पाठीवर दोन्ही हात टेकले आणि ती हसत सुटली. तिच्या हातांमुळे काका हलले, काकांमुळे टेबल. मग काकांनाही राहवेना. मावशी तेवढी भुशात उभी राहून म्हणाली, "दात काढायला काय झालं? तीन माणसांना कसं धरून ठेवलं ते बघा."

"एक सांगू का?" काका जरा वेळाने भोकातून म्हणाले. त्यांचा आवाज आता झोपाळू झाला होता. "इथून खाली बघितलं की आम्हाला फक्त जमीन दिसते. बावीस वर्षं बाईंचे पाय दिसायचे. सहा आठवडे नुसते ते दोन डाग बघत पडायचो. जरा सुनं वाटायचं." थोड्या वेळाने त्यांनी पुढे जोडलं, "तुमच्या करंगळीचं नख वाकडं आहे. बाईंचंही होतं."

कार्डावर लिहिलंच होतं, बोलू द्यावं. तिने डावा अंगठा पुन्हा जागेवर ठेवला आणि घाई केली नाही.

शुक्रवारी दुपारी व्हायोलिनचे सर आले. तिने त्यांचं कार्ड डब्यातून काढलं नाही. ठशांवर उभी राहिली, डोळे मिटले आणि मानेवरून हात फिरवत नेला, जिथे थांबेल तिथे थांबू दिला. सर या वेळी 'उत्तम' म्हणायचं विसरले. पण जाताना दार लावायला ते फक्त मानेने वळले, आणि वळल्याचं लक्षात आल्यावर मुद्दाम दोनदा दार उघडून लावून पाहिलं.

संध्याकाळी तिने केंद्राला फोन केला. "येत नाही," ती म्हणाली. पलीकडून झऱ्याचा आवाज येत होता.

पंचाईत झाली ती पुढच्या सोमवारी. तिने ड्रायव्हरसाहेबांना सगळं खरंखरं सांगितलं, माफी मागितली आणि म्हणाली, आजपासून डावा खांदा.

"छे छे!" ड्रायव्हरसाहेब उठूनच बसले. "उजवा सोडायचा नाही हं! सहा आठवड्यांत काय झालाय तो! असा खांदा माझ्या लग्नातसुद्धा नव्हता. तुमची नवी पद्धत मी अख्ख्या डेपोला सांगितलीय. आता मी खोटा पडू?"

"अहो, पण ती पद्धतच नाही. चूक होती ती."

"तुमच्यासाठी चूक. माझं काय नुकसान झालं?"

ती कपाळाला हात लावणार होती, पण हाताला तेल होतं. तिने डबा उघडला आणि 'बस'चं कार्ड काढलं. आईच्या अक्षराखाली, विनोद सांगेल, हसावं, याच्याही खाली, तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: "दोन्ही खांदे. ऐकत नाही."

पडद्यापलीकडे फोन वाजला. मावशीने घसा साफ केला.

"हो, हो, इथेच. कोण, डेपोतून बोलताय? हो, ती नवी पद्धत आमच्याचकडे." मग जरा थांबून, पडद्याकडे तोंड करून, आतल्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा बेताने, "आणि जुनीसुद्धा."