दाराचं चित्र

…खिशातून लाल उजेड झिरपत होता. माऊस खिशात घालण्याआधी बंद करायचा असतो, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आता मांडीवर एखादा लहानसा प्राणी धापा टाकत बसल्यासारखं वाटत होतं — तेही भर मीटिंगमध्ये, गंभीर चेहऱ्याने.

"अरे, माझा माऊस कुणी पाहिला का?" टीमचे प्रमुख टेबलाखाली वाकले होते. प्रत्येक कामाला ते 'झटपट उरकून टाकू' म्हणत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना झटपट सर म्हणत.

त्याने पाहिला नव्हता. खिशातली वस्तू दिसत नाही; यात खोटं काही नव्हतं.

पडद्यावर दवाखान्याच्या वेबसाइटचं नवं पान होतं, तळाशी निळं बटण — 'वेळ नोंदवा'. बटण कसलं… कुणीतरी साधी चौकट आखून तिला बटणाचे कपडे चढवले होते. माऊसने दाबलं की चाले. पण कीबोर्डवरून टॅब दाबत जावं, तर नाव, वय, फोन आणि थेट पुन्हा वर, जणू बटण नावाची गोष्ट जगात नाहीच. कोडमध्ये खरं बटण लिहायला एक शब्द पुरतो. एक! तो टाळायला चाळीस ओळी खर्ची घातल्या होत्या, आणि याला आधुनिक पद्धत म्हणायचं.

चाचणीचं पान त्याने आत्याला पाठवलं होतं. तिची सगळी नोकरी टायपिस्टची. आता हात कापतात. माऊस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरतो, पण कळांवर बोटं टेकली की कंप कुठे पळतो कोण जाणे. सकाळीच तिचा फोन —

"तुझं बटण सापडत नाही रे. पाच फेऱ्या मारल्या."

"ते बटण नाहीये आत्या. चित्र आहे."

"म्हणजे दाराचं चित्र काढून लोकांना आत या म्हणताय? आमच्याकडे एक अक्षर चुकलं तर अख्खा कागद पुन्हा टाईप करावा लागे. तुमच्याकडे बघतं कोण?"

मी बघतो… असं म्हणायला हवं होतं. तो तेव्हा नुसताच हसला.

"माऊस राहू दे," झटपट सर वर आले. "तू तपासणीच्या यादीवर सही कर, म्हणजे उद्या पान सुरू."

यादीत 'तपासले'पुढची हिरवी खूण आधीच होती. तीही चित्रच, काढू म्हटलं तरी निघेना. आणि उद्याच त्याचा नोकरीत कायम होण्याचा कागद निघायचा होता, ह्याच सरांच्या हातून.

"नाही करणार, सर."

"का?"

"आधी तुम्ही वेळ नोंदवून दाखवा. माऊसशिवाय."

"माऊसशिवाय कोण वापरतं?"

"माझी आत्या."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तुझ्या आत्यासाठी पान थांबवायचं?"

"आत्यासाठी, आणि तुमच्यासाठीही. तुमचाही हरवलाय ना."

सरांची नजर त्याच्या खिशाशी आली, तिथल्या लाल उजेडावर जरा थबकली… आणि मग, का कोण जाणे, त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. टक्. नाव. टक्. वय. टक्. फोन. टक् — पुन्हा वर. त्यांनी भुवया आवळल्या. टक्. टक्…

लहानपणी आत्याच्या टेबलाखाली बसून तो हाच आवाज ऐकायचा. ओळ संपली की टाइपरायटरची घंटी किणकिणायची, मगच ती मान वर करायची. आताही त्याचा कान त्या घंटीकडेच लागला होता. ती वाजणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. मांडीवरचा प्राणी अजून धापा टाकत होता; त्याचा स्वतःचा श्वास मात्र संथ होता. सरांची तिसरी फेरी चालली होती, आणि त्याला — या नोकरीच्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच — कसलीच घाई नव्हती.