पाच नंबरची पिशवी

बाईंनी लाल फुली मारलेली पुडी उलगडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत दाढीचं ब्लेड होतं, नवं कोरं.

पुडी शिकवल्याबरहुकूम बांधलेली होती: दुहेरी वर्तमानपत्र, चिकटपट्टी, वर फुली. कचरा वेगळा करायला शिकवण्यासाठी नगरपालिकेने बाईंना या इमारतीत पाठवलं, त्याला दोन महिने झाले होते. इतकी गुणी पुडी पाच नंबरवाल्यांखेरीज कुणी केली नव्हती. पण ब्लेडला ना साबण, ना केस. मागच्या मंगळवारीही तसंच. कोरी ब्लेडं फेकायला यांना पैसा वर आलाय की काय?

लोक त्यांना मागून पिशवीबाई म्हणत. आपला कचरा उघडून बघणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार! तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर औषधांची पाकिटं बारीक कातरून टाकत. बाईंचाही लोकांवर विश्वास नव्हता. न धुतलेला दह्याचा डबा तळाशी दडपून वर "आम्ही नाही हो" म्हणणारे, सगळे एकाच माळेचे मणी.

त्या पुडी घेऊन पाच नंबरच्या दाराशी गेल्या. त्या घरच्या सुनेने दार अर्धंच उघडलं.

"हे तुमचंच ना?"

"हो, यांचं. चुकलं का काही?"

"चुकलं नाही. कोरं दिसलं, म्हणून विचारलं."

"ते... एकदाच वापरतात." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोला ना. आत आई आहेत."

आत जाड चष्म्याच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. खुंटीवर पुरुषाचा शर्ट होता, इस्त्रीची घडी न मोडलेला. या घरात नवरा राहत नाही, हे बाईंनी ओळखलं.

शनिवारी बाईंच्या कचऱ्याच्या शिकवणीला सगळे जमले, तेव्हा हेडमास्तरांनी विषय काढलाच.

"पाच नंबरचा गृहस्थ हल्ली दिसत नाही. काहीतरी काळंबेरं आहे. बाई, पिशव्या तुम्ही उघडता. आहे का तो घरात?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मागच्या रांगेत सून खाली बघत बसली होती.

"त्यांच्या पिशवीत दर आठवड्याला ब्लेड येतं," बाई म्हणाल्या. "आणि पुडी कशी बांधावी, ते त्यांच्याकडून शिका मास्तर. तुमची काच परवा माझ्या बोटात घुसली."

लोक हसले. सुनेने वर पाहिलं. बाईंना वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. पण ही बाई आता आपल्याकडून काय मागणार, एवढीच धास्ती त्या नजरेत होती. बाईंना फार वाईट वाटलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन सासूबाईच खाली आल्या, कठडा धरत, एकेक पायरी.

"सूनबाई?" बाईंनी सावधपणे विचारलं. आता ही म्हातारी खोदून खोदून विचारणार.

"अंघोळीला गेलीय, तेवढ्यात आले." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "माझा मुलगा घर सोडून गेला. चार महिने झाले. ही मला सांगते, रात्री उशिरा येतो, पहाटे जातो. त्याचं ताट वाढून ठेवते आणि सकाळी स्वतःच ते शिळं खाते."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"चष्मा जाड आहे माझा, डोकं नाही."

"मग तिला सांगत का नाही?"

सासूबाईंनी जिन्यावर कुणी नाही ना, ते पाहून घेतलं.

"मला धक्का बसेल म्हणून ती राहिलीय. मला कळलंय हे तिला समजलं, तर तिने कशासाठी थांबायचं? तिला माहेर आहे. मला कोण आहे?" त्यांनी बाईंचा हातमोजा घट्ट धरला. "बाहेर बोभाटा झाला की संपलंच सगळं. मास्तर पिशव्या चाचपतात. टाकण्याआधी ब्लेडला साबण लाव, एवढं शिकवा तिला. तुमचं ऐकेल ती."

वरून घाबरलेली हाक आली.

"आई? कुठे आहात?"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि मान वर करून त्या खणखणीत आवाजात ओरडल्या,

"अगं, पिशवी टाकायला आले! पहाटे जाताना तुझा नवरा पुन्हा विसरला बघ!"

ओल्या केसांनी कठड्यावरून वाकून सुनेने आधी सासूबाईंकडे, मग बाईंकडे पाहिलं.

"हो आई," सून म्हणाली. "संध्याकाळी सांगते त्यांना."