निरोगी रांगेतली नळी

तिमेआने तीच नळी पुन्हा यंत्राला लावली आणि खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघत बसली. एकेक पेशी लेझरसमोरून सरकत होती, ठिपक्यांचा ढीग वाढत होता. निरोगी माणसांचा ढीग डावीकडे पडायचा, आजाऱ्यांचा उजवीकडे. नळी निरोगी माणसाची होती आणि ढीग उजवीकडे पडला.

निरोगी माणूस म्हणजे ती स्वतःच. हंगेरीतल्या सेगेद शहराच्या या प्रयोगशाळेत तुलनेसाठी लागणारं रक्त सगळे आपापसांतच देत. देणाऱ्याला चीज घातलेल्या, पोगाचा नावाच्या छोट्या गरम पावरोट्या मिळत, आणि लेव्हेंते तर केवळ त्या खाण्यासाठीच दंड पुढे करतो, असं सगळे म्हणत.

"अजून तेच?" लेव्हेंतेने मागून डोकावून विचारलं.

"तेच."

"मग वगळून टाक ना! एका माशीपायी पातेलंभर सूप ओतून देणार का? सोमवारी व्हिएन्नाचे लोक येतायत. त्यांना तुझ्या रक्ताशी काय करायचंय?"

आजार होता आधी बोटं पांढरी, गार पाडणारा, मग कातडी आणि शेवटी फुप्फुसं कडक करत नेणारा. शरीराच्या पहारेकरी पेशीच घरावर उलटतात, आणि उलटलेल्या पेशींच्या अंगावर संदेश पकडणारा एक रिसेप्टर दाट उगवतो, म्हणून त्यांचा ढीग उजवीकडे पडतो, हे तिमेआने चार वर्षं राबून दाखवलं होतं. नेमका तो रिसेप्टर पकडणारं औषध व्हिएन्नाची कंपनी बनवणार होती. पण निरोगी पेशींवरही तो तितकाच दाट असेल, तर औषध साव-चोर न बघता सगळ्यांनाच झोडपणार. मग ते हवंय कुणाला? सगळी मेहनत पाण्यात.

"नळी नासली असेल," ती म्हणाली. "नवं रक्त काढ माझं."

"पोगाचा संपल्यात."

"लेव्हेंते, काढ."

त्याने तिच्या दंडाला पट्टा आवळला. मूठ वळवून घ्यायला तिचा हात हातात घेतला, आणि त्याची बडबड थांबली. बोटं पांढरीफटक होती, बर्फासारखी गार. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं.

"केव्हापासून?"

"शीतखोलीत काम केलं की होतं असं." हिवाळाभर ती सगळ्यांना हेच सांगत आली होती, स्वतःलाही. तिने मूठ घट्ट वळली. "सुई घाल."

मग तिने सगळं पहिल्यापासून केलं. रिसेप्टरला चिकटून त्याला चमकवणाऱ्या अँटिबॉडीची नवी कुपी फोडली. या पेशी कुठलीही अँटिबॉडी शेपटीला धरून ठेवतात आणि नवशिक्या फसतो, म्हणून आधी अडवणारं द्रव्य घालून त्यांचे हात बांधले. शेजारी लेव्हेंतेचं रक्तही लावलं. त्याचा ढीग डावीकडे पडला आणि तिचा उजवीकडे.

विभागप्रमुख पिरोश्काबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंही नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटतं गं. खोटा निघाला आपला रिसेप्टर. असे दोन मीही पुरलेत, त्यातून कुणी मरत नाही. व्हिएन्नाला मी कळवते, येऊ नका म्हणून."

क्षणभर तिमेआला तेच खरं असावंसं वाटलं. रिसेप्टर काय, दुसरा शोधता येईल. ती घाबरली होती. घाबरली की ती आकडे बघायची, तसे तिने पुन्हा बघितले.

"रिसेप्टर खोटा नाही, बाई."

"अगं, धडधाकट माणसात जर तो–"

"खोटा नाहीये तो."

लेव्हेंते तिच्या पांढऱ्या बोटांकडे बघत होता. पिरोश्काबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिमेआच्या बोटांकडे. खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही, फक्त तो जड झाला.

"सोमवारी त्यांना येऊ द्या," तिमेआ म्हणाली. "माझी नळी लपवायची नाही. ती का वेगळी पडली हे डॉक्टर सांगतील, आणि जे सांगतील ते मी त्यांच्यापुढे मांडीन. मीच मांडीन."

अंगण ओलांडलं की रुग्णालय. रक्ताच्या नळ्या न्यायला ती तिथे नेहमीच जायची. बाकावर सगळ्यात शेवटी त्याच आजाराची जुनी रुग्ण, आरांका आजी बसली होती, भर उन्हाळ्यात लोकरीचे हातमोजे घालून.

"आज डबा नाही आणलास? रक्त नको आमचं?"

"आज नको, आजी."

"मग औषध आलं म्हण की! का अजून उंदरांनाच पाजताय?"

"वेळ आहे अजून. पण घाव घालायची जागा बरोबर सापडलीय."

"हे तर सगळेच डॉक्टर म्हणतात," आजी फणकारली. "तू कशावरून म्हणतेस?"

तिमेआने रुग्णांच्या नोंदणीच्या खिडकीशी जाऊन स्वतःचं नाव सांगितलं, आणि परत येऊन आजीच्या शेजारी, रांगेत बसली.