पाठवणीचं दही

"मास्तर, घरचं दही आहे का? दुकानातलं योगुर्ट नको," श्यामकांतने फोनवर विचारलं.

मी मास्तर कधीच नव्हतो. सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि निवृत्तीनंतर ड्रेस्डेनला मुलीकडे येऊन राहिलो होतो. पण तो मास्तर म्हणायचा, आणि मला ते दुरुस्त करणं कधी जमलं नाही. मुलीने, देवश्रीने, विरजलेलं दही वाटीत घेऊन मी पलीकडच्या इमारतीत त्याच्याकडे गेलो. त्या शरद ऋतूत गावातल्या मोठ्या चर्चभोवतीची परांची उतरली होती आणि सगळे ते बघायला जात होते. श्यामकांतला आता खिडकीपर्यंत जाणंही अवघड झालं होतं.

तो शिकायला म्हणून तरुणपणी आला आणि इथलाच झाला. जर्मन बायको वारली, मूलबाळ नव्हतं. होती ती माओरी लोकांची हत्यारं. लाकडाची, देवमाशाच्या हाडाची, हिरव्या दगडाची. जुन्या बाजारांतून, खलाशांच्या वारसांकडून त्याने ती आयुष्यभर जमवली होती. यकृताचा आजार बळावल्यावर त्याचा दवाखान्यातल्यासारखा पलंग या हत्यारांच्याच खोलीत लावला, कारण तो दुसरीकडे मावत नव्हता.

भिंतीवरची एक जागा रिकामी होती. तिथली वहाइका त्याने मांडीवर घेतली होती. हातभर लांबीचं काळ्या लाकडाचं ते शस्त्र एका बाजूने कोयत्यासारखं वळलेलं होतं, आणि त्या वळणात शिंपल्याच्या डोळ्यांचा एक चिमुकला चेहरा कोरला होता. तिचा फोटो त्याने माओरींच्या मुलखातल्या एका संग्रहालयाला पाठवला होता. पराता नावाच्या कुटुंबाने आपल्या पूर्वजाचं कोरीवकाम ओळखलं. त्या घरातल्या बाई आज ती न्यायला येणार होत्या.

"ते लोक नाकाला नाक लावून भेटतात," श्यामकांत म्हणाला. "श्वासात श्वास मिसळला की माणूस परका राहत नाही. बाईंनी फोनवर कबूल केलंय, माझ्याशीही तसंच भेटणार म्हणून. इथे इतकी वर्षं काढली मास्तर, आणि खालचा हाउसमाइस्टर, इमारतीची देखभाल करणारा, अजून विचारतो, परत कधी जाणार."

"काय सांगतोस त्याला?"

"हो, हो, लवकरच. आता तर खोटंही नाही ते."

मी वाटी ठेवली. त्याने चमचाभर दही घेतलं आणि त्या कोरलेल्या चेहऱ्याच्या ओठांवर ठेवलं.

"अरे, यांना अन्न लागू द्यायचं नसतं ना?" मी म्हणालो. "तूच सांगितलं होतंस."

"अन्न कुठे आहे? दही आहे. घरातून निघालेल्याच्या हातावर आई घालते ते. याला हात नाहीत म्हणून ओठांवर." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही पुस्तकवाले फार घाबरता बुवा."

मला ते पटलं. परीक्षेला जाताना माझ्याही तळहातावर आई दही घालायची. त्याला अन्न म्हणावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

पराता बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, काळ्या कपड्यांतल्या. दारातच थांबून त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक, हाक मारल्यासारखं म्हटलं. श्यामकांत काठीच्या आधाराने उभा राहिला होता. त्याने चेहरा थोडा पुढे केला होता.

बाईंची नजर त्याच्यावरून पलंगावरच्या वहाइकेकडे गेली.

"ते पांढरं काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

श्यामकांतने सांगितलं. आमच्याकडची पद्धत, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मीही मध्ये दोन वाक्यं बोललो, पण ती नीट जुळली नाहीत.

"दुधाचं आहे? तुम्ही खाता ते?"

"हो."

त्या पलंगाजवळ गेल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हे आमचे आजोबा आहेत. पूर्वी आमच्या शत्रूला कोणाचं नाव मातीत घालायचं असलं, की तो त्याच्या डोक्याला शिजवलेलं अन्न लावायचा."

त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. मंत्र म्हणत त्यांनी बोटांनी पाणी शिंपडलं, तो चेहरा पुसला, आणि म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं. मग वहाइका स्वतःच्या शालीत गुंडाळली.

श्यामकांत उभाच होता. चेहरा अजून तसाच पुढे केलेला होता.

"तुमचा हेतू मला कळला," बाई म्हणाल्या. "पण ते आज नको."

त्या गेल्या. जिन्यावरून त्यांची पावलं बराच वेळ ऐकू आली. मी वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली.

त्या संध्याकाळपासून श्यामकांतने त्या खोलीत खाणं सोडलं. सुरुवातीला मी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून बोळात नेत असे, आणि तिथे चपला नि छत्र्यांशेजारी तो भात खाई. मग बसणंही होईना.

"ही सगळी हत्यारं दुसऱ्या खोलीत ठेवतो," मी म्हणालो.

"हात लावू नकोस. कोण कोणाचा आजोबा आहे, मला कुठे माहीत आहे?"

घरी येणाऱ्या नर्सला वाटलं, भूक आजाराने गेली असणार. मी तिला खरं कारण सांगायला दोनदा तोंड उघडलं. माझं जर्मन तेवढं नव्हतं. मराठीत तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे.

शेवटी शेवटी मी पेजेची वाटी घेऊन उंबऱ्यावरच उभा राही. तो मान हलवी.

एकदा त्याने डोळे उघडून विचारलं, "मास्तर, पाणी चालतं ना? बाईंनीच मागितलं होतं."

"चालतं," मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

मी वाटी बाहेर ठेवली, हात धुतले, आणि आत जाऊन त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. त्यानंतर त्याने दुसरं काही घेतलं नाही.