शाबूत उतरवलेल्या कप्प्या

“बंद करावी लागणार आपली लिफ्ट,” एलेउतेरिओ दारातूनच म्हणाला आणि हातातला कागद त्याने माझ्या चहाच्या कपावर झाकणासारखा टाकला. “हिशेब मीच मांडला. मीच मारलं तिला.”

“आधी तो कागद उचल. मेलेल्यांसाठी मी चहा गार करत नाही,” मी म्हणाले.

आमची लिफ्ट म्हणजे पालोमा टेकडीच्या उतारावरचे दोन लाकडी डबे. एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, आणि दोघांना बांधलेला पोलादी दोर रुळांमधल्या कप्प्यांवरून पळतो. माझा नवरा एलेउतेरिओ तिचा मेकॅनिक, मी वरच्या ठाण्यावर तिकिटं फाडते. आमच्या वालपाराईसो शहरात अशा लिफ्ट आणखीही आहेत, पण आमच्या टेकडीवरच्या गुडघे गेलेल्या माणसांना खाली बाजारात, दवाखान्यात जायला ही एकच. पालिकेने कळवलं होतं की एवढी जुनी लिफ्ट किती भरवशाची आहे ते गणिताने दाखवा, नाहीतर कुलूप. गणित करून देणारे साहेब आम्हाला कुठले परवडायला! म्हणून एलेउतेरिओने स्वतःच तंत्रशाळेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. विषय होता संभाव्यता, संख्याशास्त्र आणि यंत्रांचा भरवसा. हिशेब त्याने करायचा, वर्गाच्या बाईंनी तपासून सही द्यायची, असं ठरलं.

निवृत्तीला टेकलेला माणूस दप्तर घेऊन निघाला तेव्हा मी हसून घेतलं. जन्मभर खानावळीत फासे खेळलेला हा गडी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन मला सांगतो, “ओर्फेलिना, फाशाला मागचं काही आठवत नसतं गं!”

“तुला तरी कुठे आठवतं? पाव आणायला सांगितला होता.”

पण खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले. टेबलावर घेवड्याचे दाणे मांडून तो सरासऱ्या काढायचा, आणि त्याचं झालं की तेच दाणे मी शिजत टाकायची. इतका खुशीत मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. आणि आता हा कागद.

“कप्प्या फार लवकर मोडतात, असं निघालंय,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षभरात दोर घसरण्याची शक्यता इतकी मोठी आहे की मीच पालिकेत असतो तर कुलूप लावलं असतं.”

“मग खोटं लिही थोडं.”

“म्हातारे, त्या डब्यात माणसं बसतात.”

 

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गाच्या हिमेनाबाई स्वतः वर आल्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, केस डोक्यावर कसेबसे बांधलेले. एलेउतेरिओने त्यांना यंत्रघरातली भिंत दाखवली. मोडलेली प्रत्येक कप्पी तिथे खिळ्याला टांगलेली असते. बसवताना कुठल्याही कप्पीवर हातोडीने महिना आणि वर्ष ठोकायचं, उतरवताना पुन्हा ठोकायचं, ही बाउदिलिओ उस्तादांची शिस्त. उस्ताद म्हणजे याला हाताला धरून काम शिकवणारा जुना मेकॅनिक. त्या भिंतीवरूनच याने सगळे आकडे घेतले होते. बाईंनी हिशेब पुन्हा करून पाहिला. चूक सापडेना.

त्या खिन्न होऊन बाहेर आल्या आणि शेजारच्या क्लोतील्दे आजींच्या फाटकाला टेकल्या. फाटक आपसूक मिटलं. ते मिटावं म्हणून मागे साखळीला वजन बांधलेलं असतं.

“हे काय लटकतंय?”

“कप्पी,” एलेउतेरिओ म्हणाला. “एक मोडली की आम्ही त्या टप्प्यातल्या सगळ्याच कप्प्या बदलतो. त्यात ज्या चांगल्या निघतात त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकतो. मोडलेली भिंतीला, शाबूत माणसांना, असा उस्तादांचा नियमच होता.”

“आणि ह्या शाबूत कुठे मोजल्यात तुम्ही?”

“मोडल्याच नाहीत तर मोजू काय त्यांचं?”

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, दवाखान्यात बसून गावाची तब्येत मोजताय तुम्ही! सगळं गाव आजारीच दिसणार ना! न मोडता जेवढं चालली, तेवढं तरी तिच्या नावावर लिहाल की नाही?”

 एलेउतेरिओ असा हसला म्हणता, की आजी काठी घेऊन बाहेर आल्या.

“माझी कप्पी परत मिळणार नाही, सांगून ठेवते!”

“नको हो आजी, नुसते शिक्के वाचायचेत.”

“वाच. पण गेंदाच्या रोपांवर पाय देऊ नकोस.”

मग काय विचारता! ठाण्यावर भाचीला बसवून मीही निघाले. बेकरीत कप्पी पिठाच्या झाकणावर वजन म्हणून, कुणाच्या अंगणात कुंडीखाली, कुणाच्या होडीला नांगर म्हणून. एका घरात तिच्यावर फळी ठोकून स्टूल केलेलं, आणि त्यावर बसलेले आजोबा काही केल्या उठेनात. दारोदार आम्हाला चहा, पाव, वर लिफ्ट बंद होणार का हा प्रश्न. एलेउतेरिओ म्हणायचा, “अजून सांगत नाही. मोजू द्या.”

पुढचं आत्ताच सांगून टाकते. शाबूत कप्प्या धरून केलेल्या नव्या हिशेबाने लिफ्ट वाचली. डब्यात माणसं कमी घ्यायची आणि कप्प्या आणखी लवकर बदलायच्या, या अटींवर पालिकेने परवानगी दिली. वर्षाअखेरीला एलेउतेरिओ निवृत्त झाला, आणि ती लिफ्ट चालू ठेवून झाला. पण मला राहून राहून आठवतो तो मोजणीचा शेवटचा रविवार.

“एक राहिली,” तो त्या दिवशी म्हणाला. “उस्तादांकडे.”

उस्तादांना जाऊन किती वर्षं झालेली! मला वाटलं, ऊन लागलं याला. पण तो मला आणि हिमेनाबाईंना घेऊन समुद्रावरच्या कबरस्तानात गेला. पालिकेने वय झालं म्हणून घरी बसवलं, तेव्हा उस्ताद टेकडीभर सांगत फिरायचे, “मी मोडलो नाही, मला उतरवलंय.” त्यांच्या कबरीच्या उशाशी लोखंडी खुंटीवर एक कप्पी बसवलेली होती. त्यांनी तरुणपणी बसवलेली, आणि एलेउतेरिओने पुढे शाबूत उतरवलेली.

हिमेनाबाईंनी वाकून दोन्ही शिक्के वाचले. “सगळ्यांत जास्त हीच चालली,” त्या हळूच म्हणाल्या.

मी सहज बोट लावून कप्पी फिरवली. इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यात ती गंजून गच्च झालेली असणार, असं मला वाटलं होतं. ती आवाज न करता फिरली. माझ्या बोटाला तेल लागलं. ताजं तेल.

“म्हणजे रविवारी फासे खेळायला जातो म्हणायचास, ते…”

“फासेही खेळायचो,” तो म्हणाला आणि समुद्राकडे बघू लागला.

माझे डोळे भरून आले. मी कप्पीला आणखी एकदा गती दिली, आणि ती थांबायची वाट बघत आम्ही तिघं उभे राहिलो.