गॅलरीचे गज

मी वर्गात आधी चुकीचंच शिकवते. आयुष्यभर हीच माझी पद्धत. फळ्यावर भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी काढायची, लोखंडी गज तिच्या तळाशी दाखवायचे आणि छातीठोकपणे विचारायचं, "बरोबर आहे ना?" मुलं माना डोलावतात. मग मी तीच गॅलरी पाडून दाखवते. वजन आलं की तडा वरून जातो, म्हणून गज वरच हवेत. असं एकदा तोंडघशी पडलेलं पोर ते जन्मात विसरत नाही.

दूरशिक्षणाच्या कंपनीने माझे तास चित्रित केले तेव्हा मीही हुरळून गेले होते. माझी भाची तिथेच शिकते. दिवसभर बांधकामावर देखरेख, संध्याकाळी मोबाइलवर मावशी.

परवा तिचा फोन आला. आनंदाने नुसती फुलली होती.

"मावशी, नकाशात गॅलरीचे गज वर दाखवले होते. मी चूक पकडली! सगळे खाली घ्यायला लावले. आता काँक्रीट ओततील."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच की! व्हिडिओत!"

"आधी काम थांबव! आत्ताच्या आत्ता!"

तिने थांबवलं. सगळ्यांदेखत गज पुन्हा वर घेतले. मुकादम हसला, ती रडली. मी व्हिडिओ उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझा तास मधोमध कापला होता. "बरोबर आहे ना?" म्हणणारा माझा हसरा चेहरा, आणि खाली ओळ: पुढचा भाग विशेष सभासदांसाठी.

तशीच कंपनीत गेले.

"मॅडम, लांब तास कोण बघतं?" व्यवस्थापक म्हणाला. "उत्सुकता ताणली की लोक पुढचा भाग विकत घेतात. तुमचा हा तुकडा तर सगळ्यात लोकप्रिय!"

"अहो, तो तुकडा चुकीचा आहे! माणसं मरतील!"

"पण त्याला पाच तारे आहेत."

"किती जणांनी पाहिला?"

"चाळीस हजार!"

"आणि पुढचा?"

त्याने पडद्यावर पाहिलं. "तीनशे. पण वाढतील हो."

व्हिडिओ काढून टाका म्हटलं, तर करार पुढे केला. तास माझा, मालकी त्यांची. याला हे शिक्षण म्हणतात!

संतापाने चालतच निघाले. वाटेत एक इमारत उभी राहत होती. मला राहवेना. खालूनच ओरडले, "गॅलरीचे गज वर आहेत की खाली?"

वरून एका तरुण इंजिनीअरने वाकून पाहिलं. मला ओळखून त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुम्ही! काळजीच नको, खालीच घेतलेत!"