परतीचं पान

दर रविवारी दुपारी साडेतीन वाजता आर्नो पेट्झोल्ड बायकोला घेऊन ब्रुनवर्टला जायचा. जायचा म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जायचा. आधी कॉफी, मग आयरशेकेच्या केकचा एकेक चौकोन, आणि मग बशा बाजूला सारून आगगाड्यांचं वेळापत्रक उघडायचं. एकोणीसशे एकसष्ट साली पूर्व जर्मनीची सीमा बंद झाली, त्या हिवाळ्यात हा प्रकार सुरू झाला. आता चौऱ्याऐंशी उजाडलं होतं आणि एक रविवार चुकला नव्हता. मनात मांडेच खायचेत, तर तुपाला हात कशाला आखडायचा?

तसं त्यांचं पिर्ना गावही नदीकाठीच आहे. मागच्या खिडकीतून एल्बे दिसते, कोळशाचे पडाव दिसतात. पण घरची नदी कोण बघतो? त्यांची नदी म्हणजे इन. ती तिकडे दक्षिणेला, बव्हेरियात, तारांच्या कुंपणापलीकडच्या जर्मनीत. तिच्या काठी ब्रुनवर्ट, आणि ब्रुनवर्टच्या नावाड्याची मुलगी म्हणजे आर्नोची बायको लिझबेट. लढाईच्या दिवसांत ती परिचारिका होऊन ड्रेस्डेनला आली, पाय मोडून पडलेल्या एका सॅक्सन शिपायाला सूप भरवता भरवता त्याच्याशी लग्न करून बसली, आणि सासूच्या आजारपणात आज जाऊ उद्या जाऊ म्हणेपर्यंत कुंपण उभं राहिलं. तिनं माहेर शेवटचं पाहिलं त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आर्नोनं तर ते कधीच पाहिलं नव्हतं.

न पाहता त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिथल्या पोस्टमनलाही नसेल. पिर्ना स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून तो दिवसभर लोकांना गाड्या सांगायचा आणि स्वतः कुठेच जायचा नाही. सगळी हौस तो रविवारच्या वहीत भागवायचा. ही नववी वही होती. प्रत्येक पानावर निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, गाडी बदलायला किती मिनिटं, आणि कडेला वेळापत्रकातली चिन्हं हातानं काढलेली. दोन आडवे हातोडे म्हणजे फक्त कामाच्या दिवशी धावणारी गाडी. क्रूस म्हणजे फक्त रविवारी आणि सणाला. खाली एक ओळ कायमची: "दोन जागा, उजवीकडच्या. रोझनहाइमनंतर नदी उजवीकडे दिसते."

स्टेशनवर उतरलं की लिंडनच्या झाडांखालून उताराचा रस्ता. मग पूल. पुलाच्या मधोमध थांबायचं, हा नियम. खालून इन वाहते, डोंगरातला चुना घेऊन आलेली, दूध घातल्यासारखी हिरवी. पलीकडे वेस, वेशीतून आत गेलं की कमानींचा बाजाररस्ता. दुपारी सावली कुठल्या बाजूच्या कमानींखाली असते यावरून दोघांचं एकदा असं भांडण झालं की पुढचे दोन रविवार ते सावलीतून चाललेच नाहीत, उन्हातून गेले. खाणावळीत भाजलेला मासा घ्यायचा, काठावरच्या बाकावर बसायचं, आणि संध्याकाळची घंटा पाण्यावरून येईल तिची वाट बघायची. आर्नोला ती घंटा खरंच ऐकू यायची. कधी कधी बुधवारीसुद्धा यायची. चौकशीच्या खिडकीशी कुणीतरी शांडाऊची गाडी विचारत उभं असायचं आणि हा पुलावर थांबलेला असायचा.

साडेपाच वाजले की लिझबेट कप विसळायला उठायची आणि पुस्तक मिटलं जायचं. ते कुठेही असोत, बाकावर, कमानीखाली किंवा नुकतेच उतरलेले, तिथेच त्यांना सोडून ती उठायची. असं तेवीस वर्षं चाललं. हजारेक वेळा ते गेले असतील. परत येण्याचं पान मात्र एकाही वहीत नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नाही.

मग मे महिन्यात लिझबेट साठ वर्षांची झाली.

आता कायदा असा होता की म्हातारी माणसं नातेवाइकांना भेटायला पलीकडे जाऊ शकत. बाई साठ झाली की म्हातारी, बाप्या पासष्ट झाला की. असं का, ते विचारायचं नाही. आर्नोला एकसष्टावं चालू होतं. म्हणजे सरकारच्या हिशेबानं तो तरणाबांड होता आणि त्याची बायको म्हातारी. लिझबेटनं अर्ज केला आणि जूनच्या सुरुवातीला परवानगीचा कागद हातात पडला. एका माणसाचा.

त्यापाठोपाठ तिच्या भावाचं, कोर्बिनियानचं, पत्र आलं. घरातली पत्रं आर्नो मोठ्यानं वाचायचा, तशी त्यानं हेही वाचायला घेतलं. "वरची खोली झाडून ठेवली आहे, नदीकडची. खिडकीला रंग दिला. चार आठवडे राहा. नाहीतर कायमचीच राहा, इथे तुला कोण मोजतंय." 'कायमचीच'शी तो थांबला. त्यानं चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली, ती कोंबड्यांबद्दल होती.

"कोर्बिनियानला अक्कल कधी आली नाही," लिझबेट म्हणाली. पण पत्र तिनं एप्रनच्या खिशात ठेवलं, टेबलाच्या खणात नाही. हे आर्नोनं पाहिलं.

तेवढ्यानं भागलं नाही म्हणून क्नेफेलबाई जिन्यात भेटल्या. खालच्या मजल्यावरच्या या बाईंची मुलगी हानोव्हरला. बाई दरवर्षी तिच्याकडे जायच्या, आणि येताना पिशवीतल्या लोकरीच्या गुंड्यांखाली दडवून पलीकडचं नवं वेळापत्रक आर्नोसाठी आणायच्या. तशी उपकारी बाई होती. जिभेला मात्र हाड नव्हतं.

"काय पेट्झोल्डराव, आता बटाटे उकडायला शिका."

"उकडता येतात मला."

"चार आठवड्यांपुरते ना? माझ्या ओळखीची रीशा गावची एक बाई गेली होती अशीच, चार आठवड्यांसाठी. पाचव्या आठवड्यात नवऱ्याला चित्राचं कार्ड आलं. सुंदर कार्ड होतं हो. कारंज्याचं."

"आणि?"

"आणि काय? त्यानं ते भिंतीला लावलंय." बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सरकारला काय, एक पेन्शन वाचली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मी आपली सहज बोलले."

सहज बोललेलं आर्नो बरोबर घेऊन जिना चढला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, कुंपणानं आपल्याला अडवून ठेवलंय. आता त्याच्या मनात आलं की कुंपणानं लिझबेटला आपल्याजवळ ठेवलं असेल तर? ती अजून मांजराशी बव्हेरियन बोलीत बोलायची. स्वप्नात हसायची ती त्याच बोलीत. सूप भरवताना एक पोरगी इथे अडकली आणि तिनं अडकलेपणाचा संसार नीट केला, एवढंच झालं असेल तर? हे तिला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ती हसली असती, आणि ते हसणं कुठल्या बोलीतलं हे त्याला कळलं नसतं.

मग तो जे येत होतं ते करत राहिला. जूनचे चारही रविवार त्यांनी प्रवास आखला, खराखुरा. मंगळवार, तीन जुलै. ड्रेस्डेन, प्लाउएन, हद्दीवरची तपासणी, होफ, म्यूनिक, रोझनहाइम. होफला गाडी बदलायला सव्वीस मिनिटं, त्यात दूध घातलेली कॉफी. खाली सवयीनं "दोन जागा, उजवीकडच्या" असं लिहून गेला. मग खोडरबर घेऊन त्यानं 'दोन' खोडलं आणि 'एक' लिहिलं. कागद तिथे जरा फाटला.

पुढच्या पानावर त्यानं वरती मथळा लिहिला: "परत." आणि पेन्सिल खाली ठेवली. आपण गाडी लिहायची म्हणजे तिच्या गळ्यात दोरी बांधून टोक हातात धरायचं. तिनं यावं ते आपण लिहिलंय म्हणून, असं त्याला नको होतं. आणि न लिहावं तर पानच कोरं. तीन रविवार ते पान कोरं राहिलं, आणि तीनही रविवार त्यानं पुस्तक साडेपाचच्या आधीच मिटलं.

शेवटचा रविवार एक जुलैचा. बॅग भरून दाराशी उभी होती. लिझबेटनं आयरशेके जास्तीचा केला होता, मागे राहणाऱ्यासाठी. कॉफी झाली, बशा सरकल्या.

"कुठे होतो आपण?" तिनं विचारलं.

"पुलावर."

"मग चल."

ते पुलावरून वेशीत गेले. आर्नो सांगत होता आणि ती डोळे मिटून ऐकत होती. खरं तर तिनं सांगायचं आणि त्यानं ऐकायचं, अशी ही गोष्ट सुरू झाली होती. केव्हातरी अदलाबदल झाली आणि दोघांच्या लक्षात आलं नाही. कमानी आल्या. या वेळी तो मुकाट्यानं तिच्या बाजूच्या सावलीतून चालला. खाणावळ आली, बाक आला. स्वयंपाकघरात उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत तिच्या मनगटापर्यंत आला होता. घंटा होईल म्हणून दोघं गप्प बसले.

"आर्नो, एकटीनं त्या बाकावर बसून काय करायचं रे?"

"घंटा ऐकायची. मग मला लिहायचं, ती कशी वाजते ते. मला वाटतं मी जरा खालच्या सुरात ऐकतो."

ती हसली. मग तिनं वही आपल्याकडे ओढली, पान उलटलं, आणि तिला मथळा दिसला.

"हे काय?"

"काही नाही. राहिलंय."

"होफच्या कॉफीत दूध किती ते लिहिलंस, आणि हे राहिलं?"

आर्नोनं टेबलावरचा केकचा चुरा बोटानं गोळा केला. "म्हटलं, तू ठरव. कोर्बिनियाननं खोली केलीय. खिडकीला रंग दिलाय."

"म्हणून?"

"तुझं गाव आहे लिझबेट. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी लिहिलं म्हणून तू यावंस, हे नको मला."

 तेवीस वर्षांत तिनं वेळापत्रकाला हात लावला नव्हता, ते त्याचं खातं होतं. आता तिनं ते जाडजूड पुस्तक पुढ्यात घेतलं, जीभ दातांत धरून पानं उलटली, आणि एका रकान्यावरून बोट खाली आणत आणत थांबवलं.

"ही. पाच बाराची. पहाटेची."

आर्नो वाकून बघायला लागला. कितीही घाबरला तरी तो चौकशीच्या खिडकीतला माणूस होता. "ही नाही चालायची. क्रूस आहे बघ कडेला. फक्त रविवारी धावते. तू आपली हातोड्याची बघ, शनिवारची..."

"मला क्रूस आणि हातोडे कळत नाहीत होय? तेवीस वर्षं कुणाच्या शेजारी बसलेय मी?" तिनं पेन्सिल उचलली. "रविवारचीच हवी आहे. बावीस जुलै. रविवारी मी दुसरीकडे कुठे असते का कधी?"

आर्नोनं मनातल्या मनात रोझनहाइम, म्यूनिक, होफ, ड्रेस्डेन अशी गाडी जोडत आणली. मग हळूच म्हणाला, "पण ही पिर्नाला पोचते पावणेसहाला. कॉफी साडेतीनची असते."

"मग?"

घर बदललं, कुत्रा मेला, आई गेली, तरी रविवारची कॉफी आर्नोनं पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. सगळ्या जिन्याला ते माहीत होतं. "सहाला करू," तो म्हणाला. "एखाद्या रविवारी सहाला केली तर काही बिघडत नाही."

लिझबेटनं लिहायला घेतलं. तिचं अक्षर मोठं आणि तिरकं, त्याच्या बारीक ओळींच्या वहीत मावेना. ५.१२, पुढे क्रूस. होफ. ड्रेस्डेन. १७.४४ पिर्ना. कॉफी, ६. मग ती थांबली आणि तिनं पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं.

"जागा कुठली लिहू? ड्रेस्डेन सोडलं की आपली नदी कुठल्या बाजूला दिसते?"

आर्नोनं तोंड उघडलं आणि त्याला सांगता येईना. इनचं प्रत्येक वळण पाठ असलेल्या माणसाला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. तो उठला, मागच्या खिडकीशी गेला आणि पडदा सारला. खाली एल्बे होती, तपकिरी, संथ, एका पडावाला घेऊन ड्रेस्डेनकडे निघालेली.  पलीकडच्या काठावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्यानं नदीकडे बघितलं, रुळांकडे बघितलं, गाडीत बसलेल्या बाईचं तोंड कुठे असेल ते हातानं मोजलं.

"डावीकडे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. डावीकडे बस. मी फलाटावर असेन."

साडेपाच वाजून गेले होते. कप विसळायला कुणी उठलं नाही.